बांधावरची कोरफड

"हाताला आधी खोबरेल लाव," मालाताई म्हणाली. "आणि त्यावरून या पिशव्या बांध. डाग पडतात त्याचे."

दुपारचे तीन वाजले असतील. मावशीच्या घरामागं, न्हाणीशेजारच्या दगडावर ती केस मोकळे सोडून बसली होती. उभी राहिली की केस गुडघ्याच्या खाली जात, म्हणून मी दगडाभोवती काकांचं जुनं धोतर अंथरलं होतं. तिनं कपाळाला टॉवेल आवळून बांधला होता, पार भुवयांपर्यंत. माझ्यासमोर पातेल्यात हिरवट, फेसाळ गर होता. मीच तो पाट्यावर वाटून फडक्यातून गाळला होता. मी सोळा वर्षांची होते आणि त्या घरात सगळ्यात जास्त आपल्यालाच कळतं, अशी माझी खात्री होती.

ही शहाण्णव सालची गोष्ट. दहावीची परीक्षा संपली आणि आईनं मला डोंबिवलीहून एसटीनं मावशीकडे पाठवलं. मावशीचं गाव आटपाडीकडचं. माळरान, बाभळी, लांब लांब घरं. माझ्या पिशवीत एक वही होती. तिच्यात मी साप्ताहिकांतली सौंदर्याच्या सदरांची कात्रणं चिकटवली होती. कोरड्या त्वचेसाठी काय, तेलकट त्वचेसाठी काय, केस गळत असतील तर काय. आमच्या चाळीतल्या दोन बायका त्या वहीतलं बघून चेहऱ्याला लेप लावत, त्यामुळे मला बराच भाव आला होता.

मी पोचले त्याच दिवशी मावशीनं ती वही मागून घेतली. तिच्या मुलीचं, मालाताईचं, लग्न ठरत होतं. विजयमाला तिचं पूर्ण नाव, बी. ए. झालेली, बावीस वर्षांची. मुलगा सर्जेराव खराडे, दूध संघात सुपरवायझर, घरची बारा एकर बागायत. पंधरा दिवसांपूर्वी मंडळी बघून गेली होती आणि येत्या रविवारी साखरपुडा होता. मावशी मोठ्या कौतुकानं सांगत होती की मुलाच्या आईनं, गोदाबाईंनी, स्वतःच्या हातानं मालाची वेणी सोडून बघितली, असे केस पंचक्रोशीत नाहीत म्हणाल्या. फक्त एक बोलल्या. डोक्यात कोंडा आहे, तेवढं साखरपुड्याआधी आवरा.

कोंडा होताच. बोअरचं पाणी एवढं जड की साबणाला फेस येत नसे. त्या पाण्यानं न्हाऊन न्हाऊन मालाताईची टाळू कोरडी ठक्क पडली होती. सारखी खाजायची. बोलता बोलता तिची बोटं केसांत जायची आणि खांद्यावर पांढरा भुगा पडायचा.

मी म्हटलं, तुला कंडिशनर पाहिजे. विकतचा नको, त्यात रसायनं असतात, नैसर्गिक पाहिजे. मावशीनं कंडिशनर म्हणजे काय ते विचारलं आणि मी पंधरा मिनिटं सांगत बसले. मग आम्ही वही उघडली. पहिलं होतं अंडं. ते लगेच बाद झालं, कारण काका माळकरी, घरात अंडं येत नसे. दह्याला मावशी तयार होती, पण मालाताई म्हणाली, एवढ्या केसांतला आंबूस वास चार दिवस जाणार नाही. भिजवलेल्या मेथीचे कण असल्या लांब केसांत अडकून बसतात, म्हणजे कोंड्यात भर. जास्वंदीचं झाड त्या माळावर कुणाच्या दारात नव्हतं. मी पानं उलटत होते, तेवढ्यात मालाताईनं एका कात्रणावर बोट ठेवलं.

"हे," ती म्हणाली. "कोरफड."

मला आनंद झाला, कारण माझ्याही मनात तेच होतं. कोरफडीच्या गरात पाणी असतं, ते टाळूला ओल देतं, खाज थांबवतं, असं मी तिला वाचून दाखवलं. तिनं मान डोलावली. गुरुवारी आई-आबा बाजाराला जातील तेव्हा लावू, म्हणाली.

गुरुवारी मावशी आणि काका साखरपुड्याचं सामान आणायला तालुक्याला गेले. मी कोरफड कुठं आहे विचारलं. मालाताई म्हणाली, न्हाणीमागं डब्यात होती ती वाळून गेली, पण ओढ्याच्या वरच्या बांधावर आहे, विळा घेऊन जा. कशी ओळखायची तेही तिनं सांगितलं. जाड पानं, कडेला काटे, शेंड्याला मोठा काटा.

मी गेले. डोंबिवलीत आमच्या गॅलरीतली कोरफड वीतभर होती. ही माझ्या कमरेच्याही वर, निळसर राखाडी, एकेक पान तलवारीएवढं. मी दोन पानं कशीबशी तोडून आणली आणि एवढी मोठी कशी, असं विचारलं.

"गावरान आहे," ती म्हणाली. "कुंडीतल्यासारखी नसते."

पान कापल्यावर आत काचेसारखा गर नव्हता, पांढरे दोरे होते. तेही मी गावरान म्हणून सोडून दिलं. वाटायलाही तिनं मला पिशव्या बांधूनच बसवलं होतं.

मी लावायला सुरुवात केली. भांग पाडत पाडत, बोटांनी टाळूला चोळत. मुळाशी लाव, तिनं सांगितलं, केसांना नाही लागलं तरी चालेल. दोन-तीन मिनिटं काहीच झालं नाही. मी तिला आमच्या कॉलेजप्रवेशाचं काहीतरी सांगत होते. मग माझ्या लक्षात आलं की ती पायाचा अंगठा मातीत खुपसतेय. मातीत एवढा खड्डा झाला होता.

मी विचारलं, खाजतंय का. ती म्हणाली, थोडं, कोंडा सुटत असेल.

वहीत वीस मिनिटं लिहिली होती. नऊ मिनिटांनी तिनं किती झाली ते विचारलं आणि मी सांगितल्यावर म्हणाली, अजून अकरा. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. तिनं दोन्ही हातांनी दगडाची कड धरून ठेवली होती. मला ते थोडं विचित्र वाटलं, पण मी वेळ बघत राहिले. वहीत लिहिलेलं मी कधी मोडत नसे.

चौदाव्या मिनिटाला तिच्या मानेवर लाल पट्टे उठलेले दिसले. वेताच्या छडीचे उठावेत तसे. त्याच वेळी पिशवीच्या वरून एक ओघळ माझ्या मनगटावर आला आणि तिथं आग झाली. जळत्या लाकडाचा चटका बसावा तशी, पण चटका बसून थांबतो, ही वाढतच चालली. मी घाबरून बादली उचलली आणि तिच्या डोक्यावर रिकामी केली.

तेच चुकलं. पाण्याबरोबर सगळा रस खाली आला, टॉवेल सुटला आणि तो रस तिच्या डोळ्यांत गेला.

तिनं तोंड उघडलं, पण पहिल्यांदा आवाजच आला नाही. मग जो आवाज आला तो माणसाचा वाटला नाही. ती दगडावरून खाली पडली आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून मातीत लोळायला लागली. केस चिखलात, अंगाभोवती गुंडाळलेले. मी बादली हातात घेऊन उभी. मला एकही गोष्ट सुचली नाही. आजही तो क्षण आठवला की माझे हात तसेच जड होतात.

शेजारच्या यमुनाकाकी कुंपण ओलांडून धावत आल्या. त्यांनी आधी तिच्या तोंडावर पाण्यावर पाणी ओतलं. मग त्यांची नजर पाट्याशेजारच्या पानांच्या तुकड्यांवर गेली. त्यांनी एक तुकडा चिमटीत उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे घायपात हाय," त्या म्हणाल्या. "दोर वळत्यात त्याचं. घायपात लावलंस व्हय गं डोस्क्याला?"

मी तो शब्द पहिल्यांदा ऐकत होते.

जीपमधून आम्ही तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तोपर्यंत तिच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते, कानामागं आणि मानेवर फोड आले होते. डॉक्टरीणबाईंनी सलाइननं डोळे धुतले, अर्धा तास धूत राहिल्या. मग म्हणाल्या, टाळू बघायला केस काढावे लागतील. यमुनाकाकींनी विचारलं, किती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळे.

आयानं कात्री आणली. बाजारात निरोप मिळून मावशी आणि काका धावत पोचले तेव्हा अर्धं डोकं झालं होतं. मावशी दारातच खाली बसली. आयानं कापलेले केस जमिनीवर टाकले नव्हते, तिलाही ते जमलं नसावं. तिनं ते गुंडाळून मावशीच्या ओटीत दिले आणि मावशी ते तान्ह्या मुलासारखे धरून बसली.

काका माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मावशीकडे बघून म्हणाले, "शेंबड्या पोराला कळतं घायपात कुठलं नि कोरफड कुठली. तुझ्या भनीनं पोरगी न्हवं, इस्तू धाडलाय घरात."

मग त्यांनी मालाताईला विचारलं, तू बघितलं नाहीस का काय लावतेय ती. मालाताई पट्ट्यांच्या आतून म्हणाली, माझे डोळे मिटलेले होते.

त्या दिवसापासून मी दवाखान्याच्या व्हरांड्यात राहिले. कुणी जेवायला हाक मारली तर जायचं, नाहीतर नाही. एक डोळा वाचेल का याची डॉक्टरीणबाईंना शुक्रवारपर्यंत खात्री नव्हती. मी सारखी हिशेब करायची की मी डोंबिवलीहून आलेच नसते तर. शुक्रवारी संध्याकाळी डोळ्यांची पट्टी काढली तेव्हा तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. मी व्हरांड्यातल्या खांबाला धरून रडले आणि मग आत गेलेच नाही, कारण तिनं मला बघावं असं मला वाटत नव्हतं.

शनिवारी सकाळी मावशीनं मला जवळ बोलावलं. माझ्या मनगटावर फोड आला होता तो तिनं बघितला. ती म्हणाली, तू जीपनं घरी जा, मालाचे कपडे आण, आणि न्हाणीमागच्या डब्यातली कोरफडीची दोन पानं आण, हाताला लावते.

मी म्हटलं, ती तर वाळून गेली.

"कोन म्हनलं?" मावशी म्हणाली. "बाजाराच्या आदल्या दिशी चुलीचा चटका बसला तवा मी लावली की."

घरी गेल्यावर मी आधी न्हाणीमागं गेले. डबा तिथं नव्हता. डबा ठेवायच्या जागी मातीवर गोल खूण होती, ओलसर. मी घराभोवती फिरले. गोठ्यात, कोपऱ्यात, कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलेलं होतं आणि त्यावर दगड होता. आतून कसलाच आवाज येत नव्हता. मी दगड काढला, डालगं उचललं. खाली तुपाचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात हिरवीगार, रसरशीत कोरफड होती. वीतभर, आमच्या गॅलरीतल्यासारखीच.

मी तिथंच शेणात बसले. हाताला लाव म्हणून दिलेलं तेल, त्यावरच्या पिशव्या, भुवयांपर्यंत आवळलेला टॉवेल, अजून अकरा मिनिटं. एकेक गोष्ट समोर येत गेली. मी मूर्ख नव्हते. मला मूर्ख ठरवलं होतं.

मी कपडे घेतले नाहीत, तशीच परत आले. मावशी भाकरी आणायला यमुनाकाकींच्या पाहुण्यांकडे गेली होती, काका औषधाच्या दुकानात. मालाताई उशाला टेकून बसली होती. डोक्याला मलमाची पट्टी, चेहरा सुजलेला, ओठ फाटलेले. मी कॉटच्या पायथ्याशी उभी राहिले.

"डबा डालग्याखाली सापडला," मी म्हटलं.

 तिनं नाकारलं नाही.

"दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यांनी लावलं नसतं," ती म्हणाली. "इथं सगळ्यांना घायपात कळतं. तुला कळणार नाही हे मला माहीत होतं."

"तू मला वापरलंस."

"हो."

मला वाटलं होतं ती माफी मागेल, रडेल. ती नुसती हो म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. डोळे अजून लाल होते. मी तिला म्हटलं की मी दोन दिवस मरत होते, तुझे डोळे गेले असते तर मी काय केलं असतं. ती म्हणाली, डोळ्यांत जाईल असं तिला वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं टाळू लाल होईल, फोड येतील, केस थोडे कापावे लागतील, आठ-दहा दिवस. साखरपुडा टळेल.

मी विचारलं, एवढं कशासाठी. तो मुलगा पसंत नव्हता तर नाही म्हणायचं.

मग तिनं सांगितलं. बघायला आले त्या दिवशी गोदाबाईंनी तिला आतल्या खोलीत नेलं, केस बघायला म्हणून. बरोबर सर्जेरावही दारात येऊन उभा राहिला. गोदाबाईंनी वेणी सोडली, केसांतून हात फिरवला, कौतुक केलं. पुन्हा वेणी घातली. आणि मग ती वेणी आपल्या मुठीभोवती गुंडाळली. एकदा, दोनदा, तीनदा, पार मानेपर्यंत. मालाताईचं डोकं मागं गेलं. गोदाबाईंनी ते तसंच धरून ठेवलं आणि मुलाकडे बघून हसल्या.

"काय म्हणाल्या ठाऊक आहे?" मालाताईचा आवाज अगदी साधा होता, बाजारातलं काही सांगावं तसा. "'धरायला बरी हाय.' तोही हसला. मग सोडलं, डोक्यावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन आईला म्हणाल्या, पोरगी पसंत."

खोलीत डेटॉलचा वास होता. शेजारच्या कॉटवर एक म्हातारी झोपली होती. मी खाली बसले.

"मी आबांना सांगितलं," ती म्हणाली. "दोनदा. पहिल्यांदा म्हणाले, माया करत असतील, तुझं काहीतरीच. दुसऱ्यांदा म्हणाले, पाव्हण्यांना शब्द दिलाय, आता काय तोंड दाखवू. तिसऱ्यांदा सांगायचं कसं ते मला कळलं नाही, अस्मे."

थोड्या वेळानं ती म्हणाली, तुला सांगायचं असेल तर सांग सगळ्यांना. तुझ्यावर आळ नको.  माझा राग गेला नव्हता. तो जायला पुढं बरीच वर्षं लागली. पण रागाच्या शेजारी आता दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं.

रविवारी सकाळी डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. खोलीत मी, मालाताई आणि मावशी होतो. त्यांनी पट्टी उचलून बघितलं आणि खूश झाल्या. मुळं शाबूत आहेत, म्हणाल्या, मानेवर एखादा डाग राहील, पण सहा महिन्यांत केस खांद्याला येतील, दोन-तीन वर्षांत होते तसे. मावशीनं त्यांना हात जोडले. मालाताईनं भिंतीकडे तोंड केलं.

अकराच्या सुमारास गोदाबाई आल्या. बरोबर सर्जेराव. काका पुढं, हात चोळत. गोदाबाई बारीक अंगाच्या, स्वच्छ इरकली नेसलेल्या, आवाज मऊ. त्यांनी सफरचंदं आणली होती. मालाताईच्या उशाशी स्टुलावर बसल्या, तिच्या गालाला हात लावला, अरेरे म्हणाल्या. मग विचारल्याशिवाय तिच्या डोक्यावरची पट्टी एका बाजूनं उचलून आत बघितलं. बाजारात फळावरचा कागद काढून बघतात तसं. मालाताई हलली नाही. सर्जेराव खिडकीपाशी किल्ली फिरवत उभा होता.

"इलाज चाललाय," काका म्हणाले. "साखरपुडा म्हैनाभर फुडं ढकलू. पोरगी तीच हाय."

"तीच हाय की," गोदाबाई म्हणाल्या. "आमी काय नाय म्हनतोय व्हय. केस काय, येत्याल परत. येत्याल न्हवं?"

 मी दारात उभी होते. कुणीतरी उत्तर देईल म्हणून मी वाट बघत होते आणि मग मला कळलं की मीच बोलतेय.

"नाही येणार," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळले. मी पुढं आले.  "मीच लावलं ते. माझ्या हातानं. डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या, मुळं जळाली आहेत. आता केस येणार नाहीत. कधीच नाही."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते सकाळी खोलीत नव्हते. त्यांनी मावशीकडे बघितलं. "अशा म्हनल्या त्या?"

मी मावशीकडे बघितलं. ती भिंतीशी बसली होती, मांडीवर कापडात बांधलेले मालाताईचे कापलेले केस. तिनं सगळं ऐकलं होतं, सहा महिने, खांदा, मानेवरचा डाग. मला वाटलं, आता संपलं. मावशी माझ्याकडे बघत होती. मग तिनं नजर मालाताईकडे वळवली. तिचं ते उघडं कपाळ, सुजलेले डोळे, आणि पट्टी उचलून धरलेली ती दोन बोटं तिनं बघितली.

"व्हय," मावशी म्हणाली. "म्हनल्या तशा."

गोदाबाईंनी पट्टी सोडली. बोटं पदराला पुसली. आणखी पाच मिनिटं त्या बसल्या, देवाच्या मनात काय असतं वगैरे बोलल्या, आणि उठल्या. जाताना सफरचंदांची पिशवी कॉटवरच राहिली. काका त्यांना सोडायला जीपपर्यंत गेले ते तासाभरानं परत आले, आणि आल्यावर माझ्याशी एकच वाक्य बोलले. उद्याच्या गाडीनं निघ.

मावशीनं मला निघताना जवळ घेतलं नाही आणि काही विचारलंही नाही. यमुनाकाकींच्या मुलानं एसटीत बसवून दिलं. घरी आल्यावर आईनं चार दिवस अबोला धरला. आमच्या नात्यात माझी तीच ओळख झाली, मालाच्या डोक्याला घायपात लावणारी. लग्नाकार्यात बायका मला बघून हसत, कुणी मुलीच्या डोक्याला तेल लावायला बसलं की म्हणत, अस्मिताला बोलवा. मी हसून घ्यायची. मालाताईनं त्या वर्षी डी. एड.ला नाव घातलं. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. केस परत आले, पण तिनं ते कधी खांद्याखाली वाढू दिले नाहीत. काकांना खरं कधी कळलं, त्या केसांवरून की मावशीकडून, मला माहीत नाही. त्यांनी त्याबद्दल मला कधी पत्र लिहिलं नाही.

घायपाताच्या त्या प्रकरणानंतरच्या वर्षी, जूनमध्ये, मी बारावीत गेले होते. एका दुपारी दार वाजलं. आई कामावर होती. दारात काका उभे, हातात काही नाही, पिशवीसुद्धा नाही. ते डोंबिवलीला याआधी एकदाच आले होते, आईच्या लग्नात. मी पाणी दिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर घेऊन. मावशी बरी आहे, माला बरी आहे, पाऊस नाही, एवढं बोलले.

मग म्हणाले, सर्जेरावाचं लग्न झालं होतं, मालाचं मोडलं त्याच उन्हाळ्यात. मुलगी काकांच्या ओळखीच्या माणसाची, दोन गावं पलीकडची. मला हे ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, परवा त्या माणसाचा निरोप आला म्हणून ते दवाखान्यात गेले होते. तोच दवाखाना, तीच खोली.

"पोरीचा हात मोडलाय," ते म्हणाले. "त्याचं काय न्हाई, हाड जुळतंय." त्यांनी आपला तळवा स्वतःच्या डोक्यावर कानाच्या वर ठेवला आणि तसाच दाबून धरला. "हितं केस न्हाईत. तळहाताएवढी जागा. मुळासकट आल्यात. कातडीसकट."

बाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं.   ती मुलगी कोण, तिचं नाव काय, मला काहीच माहीत नव्हतं. आम्ही तिघी त्या खोलीत खोटं बोललो होतो आणि ते आमच्यापुरतं पुरलं होतं. खरं बोललो असतो, चारचौघांत, त्या बाईच्या तोंडावर, तर कदाचित तिच्या बापाच्याही कानावर गेलं असतं. हे त्या क्षणापर्यंत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

"तुला ठावं हुतं?" काकांनी विचारलं. "ती मानसं कशी हायती ते?"

मी हो म्हटलं.

"मंग मला कुनी का सांगितलं न्हाई?"

ते रागानं विचारत नव्हते. खरंच विचारत होते. बारा तास एसटीत बसून ते एवढंच विचारायला आले होते. मी खोटं बोलू शकले असते. एकदा बोलले होते, जमलं होतं.

"मालाताईनं सांगितलं होतं, काका," मी म्हटलं. "तुम्हालाच. दोनदा."

त्यांनी डोक्यावरचा हात खाली घेतला. टोपीची घडी उलगडली, पुन्हा घातली. मी चहा ठेवायला आत गेले, दूध उतू गेलं, पुसलं, कप भरून बाहेर आणला. ते तसेच बसले होते.

"व्हय," ते म्हणाले. "सांगितलं हुतं."